रोटरी क्लबचे काम समजून घेऊ या, मोहल्ल्यासाठी उपयोगी पडेल

शाळा सुरू झाल्या की पेपरात वह्यावाटपाचे फोटो येतात. चौकात रक्तदान शिबिराचा बॅनर लागतो, मोतीबिंदू तपासणीची रिक्षा लाऊडस्पीकर लावून फिरते. खाली नाव असते रोटरी क्लब, नाहीतर लायन्स क्लब. आपल्यापैकी बहुतेकांनी हे बॅनर पाहिलेले असतात. पण ही मंडळी कोण, पैसा कुठून येतो, आपल्या मोहल्ल्याचे काम घेऊन त्यांच्याकडे जाता येते का, हे फार थोड्यांना ठाऊक असते. "ते मोठ्या लोकांचे क्लब, आपला काय संबंध?" असे म्हणून आपण विषय संपवतो.

पण संबंध आहे, आणि जवळचा आहे. रोटरीचे जगातले सगळ्यात मोठे काम म्हणजे पोलिओ निर्मूलन. भारतात त्या कामाची सगळ्यात अवघड लढाई ज्या ठिकाणी झाली, त्यात मुस्लिम मोहल्ले होते. म्हणून आज रोटरीबद्दल थोडे सविस्तर.

क्लब चालतो कसा?

१९०५ साली शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन जणांना सोबत घेऊन रोटरी सुरू केली. आळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात बैठक व्हायची, त्यावरून हे नाव पडले. भारतात पहिला क्लब १९१९ साली कोलकात्यात निघाला, मुंबईत १९२९ साली. आज महाराष्ट्रात तालुक्याच्या गावीसुद्धा क्लब सापडतो. डॉक्टर, वकील, व्यापारी, शिक्षक, इंजिनिअर असे लोक सदस्य असतात. ते स्वतः वर्गणी भरतात आणि कामासाठी देणगी गोळा करतात. क्लब कोणत्याही धर्माचा किंवा पक्षाचा नसतो.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. रोटरीचे वर्ष १ जुलै ते ३० जून असते आणि दरवर्षी अध्यक्ष बदलतो. नवा अध्यक्ष आपल्या वर्षाची कामे आधीच ठरवू लागतो. म्हणजे आपल्याला काही सुचवायचे असेल तर एप्रिल-मे महिन्यात भेटलेले बरे. डिसेंबरात गेलो तर बजेट बहुधा वाटून झालेले असते.

पोलिओचा धडा

रोटरीने १९८५ साली जगभरातून पोलिओ हटवायचा कार्यक्रम जाहीर केला. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि इतर संस्थांसोबत जागतिक मोहीम सुरू झाली. तेव्हा सव्वाशे देशांत मिळून वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुले पोलिओने लुळी पडत होती. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले.

तरी २००२ साली देशात १,६०० मुलांना पोलिओ झाला, त्यातले बहुतेक उत्तर प्रदेशात. लोकसंख्येच्या मानाने त्यात आपली मुले बरीच जास्त होती. कारणे दोन. दाट वस्ती, उघडी गटारे आणि सततचे जुलाब, यामुळे तिथे मुलांना डोस जास्त वेळा द्यावा लागत होता. दुसरे कारण अफवा. थेंब पाजले तर मुलांना पुढे औलाद होणार नाही, असे पसरवले गेले आणि काही घरांनी दार लावून घेतले. लोकांचा एक सवाल मात्र रास्त होता: नाल्या साफ होत नाहीत, दवाखान्यात डॉक्टर नाही, मग फक्त हे दोन थेंब घेऊन तुम्ही पुन्हा पुन्हा का येता?

याचे उत्तर पोस्टर लावून मिळणार नव्हते. रोटरीने उत्तर प्रदेशात उलमांची समिती उभी केली. इमाम आणि मौलानांनी डॉक्टरांना प्रश्न विचारले, खात्री करून घेतली आणि मग लोकांना आवाहन केले. मशिदीच्या माइकवरून ऐलान झाले, काही मौलानांनी स्वतः मुलांना थेंब पाजले. रोटरीने आरोग्य शिबिरेही घेतली, तिथे पोलिओसोबत इतर आजारांवरही औषध मिळाले. जामिया मिल्लिया, अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया हमदर्द या संस्थाही पुढे आल्या. सरकारी आरोग्य कर्मचारी, आशाताई आणि लाखो स्वयंसेवकांची मेहनत तर होतीच.

परिणाम बघा. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात सापडला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया पोलिओमुक्त जाहीर झाला.

आम्ही यातून एवढेच समजलो: क्लबकडे पैसा, डॉक्टर आणि ओळखी असतात, पण मोहल्ल्याचे दार बाहेरून उघडत नाही. ते आतल्या माणसालाच उघडावे लागते.

हा धडा आपण विसरलो तर किंमत लेकरे मोजतात. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव भागांत गोवरची साथ आली आणि मुले दगावली. गोवरची लस सरकारी केंद्रात मोफत मिळते. पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. तरीही कित्येक मुलांचे डोस राहून गेले होते.

मग आपण काय करायचे?

१. गरज नेमकी मांडा. "आमच्याकडे काहीतरी करा" म्हणून काम होत नाही. "उर्दू शाळेत २०० मुलींना एकच शौचालय आहे" असे लिहून द्या, सोबत फोटो आणि मुख्याध्यापकांचे पत्र जोडा.

२. नियम समजून घ्या. रोटरी फाउंडेशनचे मोठे अनुदान व्यक्तीला मिळत नाही, क्लबमार्फतच येते. त्यासाठी किमान ३०,००० डॉलरचा प्रकल्प आणि परदेशातल्या क्लबची साथ लागते. डायलिसिस मशीनसारखी कामे त्यातून होतात. धार्मिक कार्यक्रमासाठी हा पैसा मिळत नाही, मशिदीच्या बांधकामासाठी अर्ज करू नका.

३. मुलांना पाठवा. १२ ते १८ वयासाठी इंटरॅक्ट क्लब असतो, १८ च्या पुढे रोटरॅक्ट. आपल्या शाळेत इंटरॅक्ट क्लब काढता येईल का, हे पालक सभेत विचारा. मुलींनाही तेवढीच संधी आहे.

४. मोहल्ल्याचा गट करा. रोटरीचे सदस्य नसलेले लोकही क्लबच्या मदतीने रोटरी कम्युनिटी कोअर नावाचा गट काढू शकतात. त्यात किमान १० जण लागतात. गरज मोहल्ला ठरवतो, मार्गदर्शन क्लब करतो.

५. जकातीचा हिशोब वेगळा ठेवा. क्लबचा निधी सर्वांसाठी असतो, जकातीचे हकदार मात्र ठरलेले आहेत. त्यामुळे क्लबला जकात देण्याआधी आलिमांना विचारा. नफ्ली सदका किंवा मदत म्हणून देणे हा वेगळा विषय.

क्लबवालेही एक करू शकतात. शिबिराची तारीख ठरवताना मशिदीच्या ट्रस्टींशी आणि महिला बचत गटाशी बोला. जुमाच्या दुपारी किंवा रमजानच्या रोज्यात रक्तदान ठेवले आणि आपले लोक आले नाहीत, तर दोष कुणाचा? रक्तदानाला आपली तरुण मुले मागे नाहीत, त्यांना सोयीची वेळ द्या एवढेच.

नुसते मदत घेणाऱ्यांच्या रांगेत उभे राहण्याचे दिवस आपण मागे टाकायला हवेत. टेबलाच्या त्या बाजूलाही आपली माणसे बसलेली दिसली पाहिजेत. सुरुवात मोठी नको. या जुमाला नमाजनंतर चार जण थांबा, मोहल्ल्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांची यादी करा. कुणाचे कोणते डोस राहिले, हे कार्ड बघून लिहा. ती यादी घेऊन आशाताईंकडे जा आणि गावातल्या क्लबकडेही जा. हातात काम घेऊन आलेल्या माणसाचे कोणीही ऐकतो.