विजेची मोटार : प्लगवरचा पहारा आणि पडद्यावरची अक्षरे

पेट्रोलपंपावरचा व्यवहार साधा असतो. नळी टाकीत घातली, माप पाहिले, पैसे दिले की गाडी वाटेला लागते. विजेच्या मोटारीचे तसे नाही. वीज देणारा चार्जर आणि वीज घेणारी गाडी यांचे आधी आपसांत संभाषण व्हावे लागते. आणि त्या संभाषणाचे सार चालकाला गाडीतील पडद्यावरून कळते. प्लग आणि पडदा ही या वाहनाची दोन नाकी होत. त्यांवर पहारा कसा आहे आणि तो कोठे अपुरा पडला, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

प्रथम प्लग घेऊ. युरोपात आणि आपल्या देशातही वापरात असलेल्या टाइप 2 जोडणीत वीज वाहणाऱ्या जाड पिनांखेरीज दोन बारीक पिना असतात. त्यांपैकी एकीवर चार्जर 12 व्होल्टचा खुणेचा दाब ठेवतो. प्लग नीट बसला की गाडी तो दाब 9 व्होल्टवर उतरविते; जणू आपण आल्याची वर्दीच ती देते. वीज घेण्याची तयारी झाली की दाब 6 व्होल्टवर येतो. तोवर जाड पिनांत वीज सोडलीच जात नाही. ही खूण सेकंदाला एक हजार ठोक्यांनी चालते आणि ठोक्याच्या रुंदीवरून किती अँपिअर घ्यावयाचे हे गाडीला समजते. खूण तुटली की प्रवाह बंद.

परंतु घरचे सॉकेट सैल असेल किंवा अर्थिंग नसेल, तर ही सारी व्यवस्था लंगडी पडते. 15 अँपिअरच्या सॉकेटमधून सुमारे तीन किलोवॅट वीज आठ-दहा तास अखंड वाहते. इस्त्री अर्ध्या तासात बंद होते, गाडी होत नाही. सैल जोड तेवढ्या वेळात तापून वितळू शकतो. म्हणून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि चोख अर्थिंग यांना चैन समजू नये. तो घराच्या सुरक्षिततेचा भाग आहे.

सार्वजनिक चार्जर हा तर एक संगणकच असतो, आणि संगणकाला जी भीती ती त्यालाही. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियातील मॉस्को ते सेंट पीटर्सबर्ग या एम-11 महामार्गावरील चार्जर बंद पाडण्यात आले आणि त्यांच्या पडद्यांवर राजकीय मजकूर झळकला. सुटे भाग पुरविणाऱ्या युक्रेनी कंपनीने आत शिरण्याची वाट राखून ठेवली होती, असे तेथील वीज कंपनीने सांगितले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर नगरपालिकेच्या वाहनतळांतील चार्जरांवर अश्लील पान दिसू लागले. दुकानाच्या गल्ल्यावरील क्यूआर कोडने पैसे देण्याची सवय आपल्याकडे गावोगावी झाली आहे. चार्जरवर कोणी वरून खोटा कोड डकवला, तर पैसे भलत्याच्याच खात्यात जातात. पैसे कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधून देणे हा त्यावरील साधा उपाय होय.

याहून मोठी चिंता वीजजाळ्याची. एक लाख गाड्या प्रत्येकी 7 किलोवॅट घेऊ लागल्या, तर 700 मेगावॅटचा भार होतो. एखाद्या मोठ्या वीजकेंद्राइतका. स्वस्त दराची घटका भरताच, अथवा कोणा दुष्टाच्या एका आज्ञेने, तो एकाच क्षणी सुरू वा बंद झाला तर जाळे हादरेल. ब्रिटनने घरी व कचेरीत बसवावयाच्या चार्जरांसाठी 2021 मध्ये नियम केले. 30 जून 2022 पासून अशा चार्जरात 10 मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक विलंब घालण्याची सोय सक्तीची झाली, म्हणजे सगळे एकदम उठत नाहीत. 30 डिसेंबर 2022 पासून सर्व यंत्रांना एकच परवलीचा शब्द देणे बंद झाले, संदेश सांकेतिक केले गेले आणि पेटी कोणी फोडू लागल्यास मालकास सूचना देणे आवश्यक झाले.

आता पडदा. फेब्रुवारी 2021 मध्ये टेस्ला कंपनीला अमेरिकेत सुमारे 1 लाख 35 हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पडद्यामागील स्मृतिपट्टिका लिहून-पुसून झिजत होती. ती संपली की पडदा काळा होई आणि मागील दृश्यही नाहीसे होई. फेब्रुवारी 2024 मध्ये सुमारे 22 लाख गाड्यांचा प्रश्न निघाला तो अक्षरांचा. ब्रेकच्या इशाऱ्याची अक्षरे निदान 3.2 मिलिमीटर उंच असावीत असा तेथील नियम. प्रत्यक्षात ती लहान होती. एवढ्याशा अक्षरांचे काय, असे वाटेल. पण ब्रेकचा दोष दाखविणारा दिवा वाचता आला नाही, तर तो असून नसल्यासारखाच. हा दोष बिनतारी संदेशाने घरबसल्या दुरुस्त झाला.

पडद्यात सारी बटणे कोंबण्याचाही अतिरेक झाला. 2022 मध्ये ‘वी बीलेगारे’ या स्वीडिश नियतकालिकाने ताशी 110 किलोमीटर वेगात चार साधी कामे करून पाहिली. बटणांच्या 2005 सालच्या व्होल्व्होत ती 10 सेकंदांत झाली. सर्वांत मागे पडलेल्या नव्या गाडीला जवळजवळ 45 सेकंद लागले. तेवढ्यात गाडी सुमारे 1,370 मीटर पुढे जाते. युरोपच्या ‘यूरो एनकॅप’ या चाचणीसंस्थेने 2026 पासून दिशादर्शक दिवे, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि मदतीची हाक यांसाठी खरी बटणे असण्यास गुण ठेवले आहेत.

तेव्हा गाडी घेताना तिचा वेग आणि रंग अवश्य पाहावा. परंतु उन्हात पडदा वाचता येतो का, पडदा विझला तरी हॉर्न आणि वायपर हाताशी आहेत का, चार्जरचा परवलीचा शब्द बदलता येतो का, हेही विक्रेत्यास विचारावे. ग्राहक जे विचारीत नाही, ते कारखानदार सहसा सुधारीत नाही.