आद्याक्षरांनी उघडलेले दार

लंडनच्या रॉयल अकादमीच्या कलाशाळेत प्रवेश हवा असल्यास उमेदवाराने आपली रेखाचित्रे परीक्षणासाठी पाठवावीत, असा शिरस्ता होता. १८६० मध्ये आलेल्या अशाच काही चित्रांवर पूर्ण नाव नव्हते. केवळ आद्याक्षरे आणि 'हरफर्ड' हे आडनाव होते. चित्रे पसंत पडली, प्रवेश मंजूर झाला आणि मग उलगडा झाला की, निवड झालेली व्यक्ती स्त्री आहे. लॉरा हरफर्डला रोखण्यासाठी नियम धुंडाळले गेले. पण स्त्रियांना मज्जाव करणारा नियमच सापडेना. तो करण्याची गरज कोणाला वाटलीच नव्हती!

त्याआधीच्या वर्षी ३८ स्त्री-कलावंतांनी अकादमीच्या सदस्यांकडे लेखी मागणी केली होती : कलाशाळा आम्हांलाही खुली करा. तिच्यामागे उभ्या असलेल्या बार्बरा बोडिकन या स्वतः चित्रकार होत्या आणि विवाहितांच्या मालमत्ता-हक्काच्याही पुरस्कर्त्या होत्या. हे दोन लढे वेगळे नव्हतेच. १८७० च्या कायद्यापूर्वी विवाहित स्त्रीने चित्र विकून मिळवलेला पैसा कायद्याने पतीचा ठरत असे.

एमिली मेरी ऑस्बॉर्न यांचे १८५७ मधील 'अनामिक आणि निराधार' हे चित्र या पार्श्वभूमीवर पाहावे. शोकाची काळी वस्त्रे ल्यालेली एक तरुणी आपले चित्र घेऊन विक्रेत्याच्या दुकानात आली आहे. तो चित्र न्याहाळतो आहे; ती मान खाली घालून बोटांनी दोरीशी चाळा करते आहे. बाजूला बसलेल्या दोन पुरुषांच्या हाती नर्तिकेचे छापील चित्र आहे. त्यांची नजर मात्र या तरुणीवर खिळली आहे. चित्रकर्तीकडे पाहिले जाते, तिच्या चित्राकडे नव्हे, हे याहून नेमके क्वचितच कोणी दाखवले असेल.

हरफर्डमुळे शाळेचे दार किलकिले झाले, तरी आतले एक दालन बंदच राहिले. ते म्हणजे नग्न मॉडेल समोर बसवून मानवी देह रेखाटण्याचा वर्ग. ऐतिहासिक आणि पौराणिक चित्रे त्या काळी सर्वश्रेष्ठ मानली जात, आणि देहरचनेच्या अभ्यासावाचून ती साधणे कठीण होते. म्हणजे शिक्षण नाकारायचे, आणि मग स्त्रियांचा ओढा फुलांच्या चित्रांकडेच असतो, असा निष्कर्ष काढायचा! १८९३ मध्ये या वर्गाची मुभा मिळाली, तीही मॉडेलच्या अंगावर काही वस्त्र असावे या अटीवर.

एलिझाबेथ थॉम्पसन यांनी तर थेट रणांगणाचा विषय निवडला. क्रिमियन युद्धातील थकल्याभागल्या सैनिकांच्या हजेरीचे त्यांचे चित्र १८७४ मध्ये अकादमीत लागले, तेव्हा गर्दी आवरण्यासाठी पोलीस उभा करावा लागला. खुद्द व्हिक्टोरिया राणीने ते विकत घेतले. (राणी स्वतः चित्रे काढीत असे, स्त्रियांच्या हक्कांच्या चळवळीला मात्र तिचा कडवा विरोध होता.) १८७९ मध्ये अकादमीच्या सहयोगी सदस्यत्वाच्या निवडणुकीत थॉम्पसन दोन मतांनी हरल्या.

खरे तर १७६८ मध्ये अकादमी स्थापन झाली तेव्हा संस्थापक सदस्यांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोघी होत्या. त्यांच्यानंतर पूर्ण सदस्य म्हणून स्त्री निवडली गेली, ती थेट १९३६ मध्ये : लॉरा नाइट.