नर्तकीचा ‘टूटू’ आणि आपल्या मुलींचा पोषाख

लग्नसराईच्या दिवसांत पनवेलच्या बाजारांत घागरा शिवावयास टाकणाऱ्या मुलीला शिंपी हटकून एक प्रश्न विचारतो : “आंतून कॅनकॅन लावायचें ना?” घेर फुगून उभा राहावा म्हणून अस्तराखालीं जी ताठ जाळी लावतात, तिला हल्लीं सर्वत्र हेंच नांव आहे. विचारणाऱ्याला आणि होकार देणारीला बहुधा ठाऊक नसतें कीं, हें एका फ्रेंच नाचाचें नांव होय. एकोणिसाव्या शतकांत पॅरिसच्या नाचघरांतून तो चाले आणि झालरींचे परकर उडवीत नाचणें हा त्याचा विशेष असे. त्याच शहरांत, परंतु अधिक प्रतिष्ठित अशा रंगभूमीवर, दुसरा एक तलम घागरा जन्मास आला. ‘बॅले’ नामक पाश्चात्य नृत्यनाट्यांतील नर्तकीचा तो पोषाख. त्यास ‘टूटू’ म्हणतात. लहान मुलींच्या वाढदिवसाच्या फ्रॉकांत जाळीचा जो ढग आपण हौसेनें विकत घेतों, त्याचें कुळ शोधूं गेल्यास आपण ह्या टूटूपाशींच येऊन पोंचतों.

रंगभूमीवरील पोषाख घरांत शिरावा, ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नाहीं. १९१६ सालीं ‘स्वयंवर’ नाटकांत बालगंधर्व रुक्मिणी होऊन उभे राहिले, आणि त्यांची नेसण्याची ढब, त्यांचे दागिने, त्यांच्या केसांतील गजरा यांचें अनुकरण घरंदाज स्त्रियांनींही केलें. रंगभूमी दाखविते आणि घर उचलतें, हा क्रम सर्व देशांत सारखाच. परंतु उचलतांना आपण काय उचलतों व काय मागें ठेवतों, हें पाहण्यासारखें असतें. आणि टूटूच्या इतिहासांत तें फार स्पष्ट दिसतें.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पॅरिसच्या नर्तकी राजदरबारांतील स्त्रियांप्रमाणें जड व पायघोळ झगे घालून नाचत. मारी कामार्गो ही त्या काळची नामांकित नर्तकी. उडी घेऊन हवेंतच पावलें एकमेकांवरून झटपट फिरविण्यांत तिचा हातखंडा होता. पण झग्याखालीं झांकलेलें हें कसब पाहणार कोण? १७३० नंतरच्या काळांत तिनें आपला झगा घोट्याच्या वर घेतला. त्या काळीं त्यावर पुष्कळ गवगवा झाला. वस्तुतः तिनें केलें तें इतकेंच कीं, कापड कामाच्या आड येत होतें, तें तिनें बाजूस सारलें.

पुढचें पाऊल १२ मार्च १८३२ रोजीं पडलें. त्या दिवशीं पॅरिसच्या ऑपेरागृहांत ‘ला सिल्फीद’ हें नृत्यनाट्य प्रथम झालें. लग्नाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या एका स्कॉटिश तरुणास एक वायुकन्या मोह घालते, असें त्याचें कथानक. वायुकन्येची भूमिका मारी तागलिओनी हिची, आणि नृत्यरचना तिच्या वडिलांची. देहाला वजनच नाहीं असा भास व्हावा म्हणून ती पायाच्या बोटांच्या टोकांवर तरंगत नाचली, आणि अंगावर पातळ पांढऱ्या वस्त्राचा, थरावर थर असलेला, घंटेच्या आकाराचा घागरा घातला. गॅसच्या दिव्यांच्या उजेडांत तो घागरा धुक्यासारखा दिसे. इंग्लंडांत जॉन हीथकोट यानें १८०९ च्या सुमारास जाळी विणण्याचें यंत्र सिद्ध केलें होतें. त्यामुळें पूर्वीं महाग असलेली तलम जाळी स्वस्त झाली आणि पुढें नर्तकींच्या व श्रीमंत स्त्रियांच्या पोषाखांत सारखीच खपूं लागली. तागलिओनीची कीर्ति एवढी कीं, इंग्लंडांत पुरुषांच्या एका डगल्यासही तिचें नांव पडलें!

परंतु ह्या धुक्याखालीं आग होती. दिवा गॅसचा, ज्योत उघडी आणि वस्त्र वाऱ्यासारखें. विरळ विणीच्या वस्त्रांत प्रत्येक धाग्याभोंवतीं हवा खेळते, म्हणूनच तें तरंगतें. आणि म्हणूनच तें पेटतेंही क्षणांत. १८४४ च्या डिसेंबरांत लंडनच्या ड्रूरी लेन नाट्यगृहांत क्लारा वेबस्टर ही तरुण नर्तकी अशीच भाजून मृत्यु पावली. फ्रान्समध्यें तुरटीसारखीं द्रव्यें वापरून कापडास आग लागूं न देण्याची युक्ति कार्तेरों नांवाच्या गृहस्थानें काढली, आणि १८५९ सालीं सरकारनें ती नाट्यगृहांना लागूही केली. पण त्या द्रावणांत बुडविलेलें कापड ताठ व मळकट दिसे. एम्मा लिव्री ही तागलिओनीची लाडकी शिष्या. तिनें असला घागरा घालण्यास साफ नकार दिला. १५ नोव्हेंबर १८६२ रोजीं तालमीच्या वेळीं तिचा घागरा गॅसच्या ज्योतीला लागला. आठ महिने यातना सोसून ती वारली. तेव्हां तिला एकवीसही पुरीं झालीं नव्हतीं. दोनच वर्षांपूर्वीं तागलिओनीनें तिच्यासाठीं ‘फुलपाखरूं’ ह्या नांवाचें नृत्यनाट्य रचिलें होतें, आणि त्यांतील फुलपाखराचे पंख मशालीवर होरपळतात! तिच्या घागऱ्याचे जळके अवशेष पॅरिसच्या ऑपेरा-संग्रहांत जपून ठेवलेले आहेत.

त्यानंतर टूटू आंखूड होत गेला, तोही कामासाठींच. इटालियन नर्तकींचें कसब पायांत होतें. व्हर्जीनिया झुक्की १८८५ सालीं रशियांत गेली, तेव्हां तेथील लांब घागरा घालण्याचें तिनें नाकारलें. पिएरीना लेन्यानी हिनें १८९५ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें ‘हंससरोवर’ नृत्यनाट्यांत एका पायाच्या टोकावर ओळीनें ३२ गिरक्या घेतल्या. पायघोळ वस्त्रांत हें कसें दिसावें? विसाव्या शतकांत दहाबारा थरांचा, कंबरेपासून आडवा पसरणारा टूटू रूढ झाला. त्याचा तोल राहावा म्हणून कधीं कधीं आंत तारेची कडीही घालतात. ‘टूटू’ हा शब्द फ्रेंच बाळबोलींतील एका थट्टेच्या शब्दावरून आला, असें मानतात.

फॅशनच्या जगानें ह्यांतील काम सोडलें आणि आकार तेवढा घेतला. दुसऱ्या महायुद्धांत कापडाची टंचाई सोसलेल्या यूरोपांत १२ फेब्रुवारी १९४७ रोजीं क्रिस्त्यां दिओर यानें बारीक कंबरेचे व भरघोस घेराचे पोषाख पुढें आणले, आणि त्या घेराखालीं जाळीचे परकर आले. तेथून तो घेर जगभरच्या नववधूंच्या व बालिकांच्या अंगावर चढला.

आपल्याकडे मात्र ह्या बाबतींत एक विचारी वाट दाखविली गेली, आणि तीही पनवेलहून फार दूर नव्हे. बोरघाट चढून गेल्यावर खंडाळ्यास, दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागें, मादाम मेनका अर्थात् लीला सोखी यांचें ‘नृत्यालयम्’ होतें. आना पाव्हलोव्हा ह्या जगद्विख्यात रशियन नर्तकीनें त्यांस स्वदेशी नृत्याकडे वळण्यास उत्तेजन दिलें होतें. त्यांनीं नृत्यनाट्याची कल्पना पश्चिमेकडून घेतली, पण नृत्य कथक ठेवलें आणि वेषही एतद्देशीय ठेवला. टूटू उसना आणला नाहीं. १९३६ सालीं बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेंत त्यांच्या मेळ्याचा गौरव झाला. कथक नृत्यांगना दमयंती जोशी ह्या त्यांच्याच हाताखालीं वाढल्या.

हें केवळ अभिमानानें झालें असें समजूं नये. त्यामागें सयुक्तिक कारण आहे. बॅलेंतील पाऊल डोळ्यांनीं पाहावयाचें असतें, म्हणून घागरा वर गेला. कथकांतील पाऊल घुंगरांच्या बोलांतून कानांनीं ऐकावयाचें असतें, म्हणून कळ्यांचा घागरा खालीं राहिला तरी चालतें. तो गिरकीबरोबर उमलतो आणि समेवर मिटतो. आपलें नऊवारी लुगडेंही असेंच : कासोटा घातला कीं विहिरीचें पाणी शेंदावें, फुगडी खेळावी किंवा लावणीच्या ठेक्यावर नाचावें, पाय मोकळे ते मोकळेच. जेथें वस्त्र कामांतून घडलें, तेथें तें शोभतेंही.

म्हणून आईबापांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें. मुलीनें बॅले शिकावें, कथक शिकावें. जाळीचा फ्रॉकही खुशाल घालावा. हौस मोडण्यांत अर्थ नाहीं. परंतु एम्मा लिव्रीचा घागरा सुती होता. आजची जाळी बहुधा नायलॉनची वा पॉलिएस्टरची असते. ती वितळते आणि कातडीला चिकटते. आणि वाढदिवसास आपण करतों काय? ती जाळी घालून मुलीला पाटावर बसवितों, निरांजनानें ओंवाळतों, पुढें मेणबत्त्या लावतों. दिवाळींत तोच फ्रॉक घालून ती पणत्यांच्या ओळींतून पळते. औक्षणाच्या वेळीं घेर आंवरून धरावा. निरांजन ओंवाळून होतांच उंच जागीं ठेवावें. पणत्या व फुलबाज्या यांच्या वेळीं अंगासरसा सुती पोषाख घालावा. सुतीही पेटतें, पण अंगासरशा जाड विणीस आग लागावयास वेळ लागतो. दुर्दैवानें कपडे पेटलेच, तर मुलीला धांवूं देऊं नये. जमिनीवर आडवी करून जाड घोंगडीनें ज्योत दाबावी, वीस मिनिटें साधें वाहतें पाणी घालावें, चिकटलेलें कापड ओढूं नये, तूप किंवा दंतमंजन लावूं नये आणि तत्काळ डॉक्टर गांठावा.

नर्तकीचा घागरा वाऱ्यासारखा झाला तो तिच्या कलेसाठीं, आणि त्याची किंमत कांहींनीं प्राणांनीं दिली. ती किंमत ज्ञात असतां, आपल्या घरीं एका संध्याकाळच्या शोभेसाठीं ती पुन्हां मोजण्याचें कारण नाहीं.