खेड्यातील घरची वीज

स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावरून वेल्हे, भोर, सासवड या बाजूंना जाणाऱ्या गाड्यांत शनिवारी जी मंडळी बसतात, त्यांतील पुष्कळांचे आईवडील अद्याप गावीच राहतात. कोणी निवृत्तीनंतर तिकडे घर बांधावे म्हणून जमीन घेतलेली असते. अशा मंडळींना खेड्यातील विजेचा प्रश्न परका नाही. परंतु तो समजून घेण्यापेक्षा त्यावर चिडण्याचाच आपला परिपाठ अधिक. वीज का जाते, गेली असता काय करावे, आणि मुख्य म्हणजे परत येताना ती काय काय नासधूस करू शकते, एवढ्यापुरताच विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम वाट पाहू. उपकेंद्रातून ११,००० व्होल्टची वाहिनी निघते. तिला आता सर्वजण फीडरच म्हणतात. शहरात ती थोडे अंतर धावते, आणि पुष्कळदा जमिनीखालून. तीच वेल्ह्याच्या किंवा मुळशीच्या खोऱ्यात कित्येक किलोमीटर डोंगर, ओढे आणि झाडी ओलांडीत जाते. वाटेत एक फांदी तारेवर टेकली की शेवटच्या वाडीपर्यंत अंधार होतो. वळवाचा पहिला पाऊस तर ठरलेलाच शत्रू होय. खांबावरचे चिनी मातीचे इन्सुलेटर उन्हाने तापलेले असतात. त्यांवर गार पाणी पडले की बारीक तडे जातात, तड्यात ओल शिरते, वीज खांबात उतरते आणि उपकेंद्रातील यंत्रणा ती वाहिनी तत्काळ बंद करते. तडा खालून दिसत नाही. वायरमनला अंधारात, चिखलातून, एकेक खांब पारखीत जावे लागते. ‘दोन थेंब पडले की यांची लाइट जाते’ या नेहमीच्या टोमण्यात तथ्य आहे, पण त्याचा रोख त्या बिचाऱ्यावर असू नये.

दुसरे दुखणे रोहित्राचे, म्हणजे गावकरी ज्याला डीपी म्हणतात त्याचे. शेतीपंपांवर कित्येकांनी ऑटोस्विच बसविलेले असतात, म्हणजे वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा. सोय खरी, पण सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, आणि एका डीपीवरील पंधरावीस पंप जेव्हा एकाच क्षणी सुरू होतात, तेव्हा डीपी तरी किती सोसणार? ती जळते. ग्रामीण भागात जळालेले रोहित्र ४८ तासांत बदलावे असे राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१४ च्या नियमांत म्हटले होते. पुण्याच्या रहिवाशाने दोन दिवस आणि दोन रात्री ही मुदत मनात आणून पाहावी.

येथे एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. वीज जेथे उत्पन्न होते तेथे ती पोचतेच असे नाही. मुळशीचे धरण टाटांच्या वीज कंपनीने मुंबईच्या विजेसाठी बांधले. जमिनी बुडणार म्हणून १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी धरण झाले. त्या खोऱ्यातील वाड्यांना दिवा मिळायला पुढे किती वर्षे वाट पाहावी लागली! महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले, त्यानंतर खेडोपाडी खांब गेले. पण खांब जाणे आणि वीज टिकणे या दोन गोष्टी निराळ्या. मंडळाचे २००५ साली विभाजन झाले त्या सुमारास तुटवडा एवढा होता की ग्रामीण भागात बारा-बारा तास भारनियमन चाले. २००६ साली पुण्याने त्यातून सुटका करून घेतली. कारखान्यांनी गरजेच्या वेळी आपली जनित्रे चालवावी, त्यामुळे वाचलेली वीज शहराला मिळावी आणि खर्चाचा भार अधिक वीज वापरणाऱ्या ग्राहकांनी उचलावा, अशी ती योजना. योजना हुशारीची होती यात शंका नाही. मात्र ज्यांच्यापाशी ना कारखाने ना जादा पैसा, त्या गावांना असा मार्ग नव्हता, हे आपण पुणेकर सहसा बोलत नाही.

भारनियमनाचे ते दिवस बव्हंशी सरले. गावठाणाची वाहिनी शेतीच्या वाहिनीपासून पुष्कळ ठिकाणी वेगळी झाली, हे मोठेच काम झाले. पण गावठाणाबाहेर, शेतात जे घर बांधतात त्यांनी सावध असावे. ते घर शेतीच्या फीडरवर असेल, तर पंपांच्या वेळापत्रकाप्रमाणे काही तासच पुरी वीज मिळते. म्हणून जमीन घेताना पाण्याची चौकशी करता तशी ‘हे कोणत्या फीडरवर आहे?’ ही चौकशीही करावी. आमच्या मते ती सातबाऱ्याइतकीच महत्त्वाची आहे.

आता घरातील गोष्ट. वीज नसण्यापेक्षा मंद वीज अधिक घातक असते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. घरी २३० व्होल्ट यावेत; लांबच्या टोकाला संध्याकाळी १७०-१८० च येतात. दिव्याचे त्याने बिघडत नाही; हल्लीचे एलईडी तर निमूटपणे जळतात. मोटरचे तसे नाही. तिचा सुरू होण्याचा जोर व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. १८० व्होल्टला तो सुमारे ६० टक्केच उरतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर फिरत नाही, नुसता गुरगुरतो, तापतो आणि अखेर जळतो. तेव्हा दिवे मंद दिसताच फ्रिज व पाण्याची मोटर बंद करावी, आणि वीज गेल्यावरही त्यांची बटणे बंद ठेवून, ती परत आल्यावर पाच मिनिटांनी लावावी. घरात कोणाचे इन्सुलिन असेल तर ते मातीच्या गार भांड्यात उतरवून ठेवण्याची तयारी हवी.

याहून भयंकर प्रकार न्यूट्रलची तार तुटण्याचा. मग दोन वेगळ्या फेजवरील घरे एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि त्यांच्यात ४०० व्होल्ट वाटले जातात. ज्या घरी वापर कमी, त्याच्या वाट्याला अधिक येतात. काही घरांचे दिवे एकाएकी लखलखू लागले आणि शेजारचे विझू विझू झाले, तर विचार करीत बसू नये. मेन स्विच खाली ओढावा, शेजाऱ्यांना हाक मारावी आणि मग १९१२ या क्रमांकावर कळवावे.

इन्व्हर्टरबद्दल अवास्तव अपेक्षा बाळगू नये. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-तास असतात. बॅटरी टिकावी असे वाटत असेल तर निम्म्याच्या थोडे वर, म्हणजे हजारभर वापरावे. दोन जुने पंखे आणि चार दिवे यांना सुमारे २०० वॉट लागतात. म्हणजे पाच तास. कमी विजेवर चालणारे नवे पंखे घेतले तर हीच बॅटरी दुप्पट वेळ पुरते, म्हणून आधी पंखे बदलावे, बॅटरी मागाहून. शिवाय ती भरण्यास दहाएक तास चांगली वीज लागते. जेथे वीज चारच तास नीट येते तेथे बॅटरी सदा अर्धपोटी राहते आणि वर्ष-दीड वर्षात निकामी होते. दोष मात्र दुकानदाराला लागतो.

छपरावरील सौर पट्ट्यांकडे २०२४ च्या केंद्राच्या योजनेपासून पुष्कळांचा ओढा आहे. त्यांतील बहुतेक संच वाहिनीला जोडलेले असतात आणि त्यांत बॅटरी नसते. बाहेरची वीज गेली की भर दुपारी, लख्ख उन्हातही, असा संच बंद पडतो. ग्राहक गोंधळतो, पण ही रचना हेतुपुरस्सर आहे. वीज बंद आहे असे समजून वायरमन खांबावर चढलेला असताना कोणा घरची वीज उलटी तारेत शिरली, तर त्याचा जीव जाईल. गैरसोय टाळायची तर बॅटरीसह संच घ्यावा लागतो, तो महाग पडतो.

हाच धोका घरगुती जनित्राचा आहे. कित्येक ठिकाणी जनित्राची वायर सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसतात. मेन स्विच बंद करायचा राहिला तर ती वीज डीपीतून उलट जाते, आणि डीपी तिचे ११,००० व्होल्ट करून वायरमनच्या हाती देते. बाहेरची वीज आणि जनित्र ही दोन्ही एका वेळी कधीच जोडली जाऊ नयेत अशी बदली-कळ, म्हणजे चेंजओव्हर स्विच, बाजारात मिळते. ती बसविणे थोड्या वेळाचे काम आहे. मात्र परवानाधारक कंत्राटदाराकडूनच बसवून घ्यावी, आणि त्याच दिवशी त्याच्याकडून घरचे अर्थिंगही तपासून घ्यावे.