चार पंखांची माशी

पिकल्या केळ्यांभोंवतीं घिरट्या घालणारी इवलीशी फळमाशी घरोघरीं परिचयाची आहे. तिच्या छातीचे तीन खंड असतात. दुसऱ्या खंडावर पंखांची एकुलती जोडी, तर तिसऱ्यावर तोल सांभाळणाऱ्या, मुद्गलाच्या आकाराच्या दोन दांड्या. इ. स. १९१५ मध्यें न्यूयॉर्क येथील मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेंत कॅल्व्हिन ब्रिजेस यांना अशी एक माशी आढळली कीं, तिच्या तिसऱ्या खंडाचा कांहीं भाग दुसऱ्यासारखा झाला होता. पुढें एडवर्ड लुईस यांनीं असे अनेक जनुकबदल एकत्र आणून पूर्ण चार पंखांची माशी निपजविली. त्यांना १९९५ सालीं आणखी दोघांसह नोबेल पारितोषिक मिळालें.

हें घडतें कसें? पंख घडविण्याची विद्या प्रत्येक पेशींत असतेच. कोणत्या खंडानें कोणतें रूप घ्यावें, हें मात्र मोजकीं जनुकें ठरवितात. हुकूम देणारें जनुक मुकें झालें, म्हणजे तिसरा खंड दुसऱ्याचेंच रूप घेतो. उलट, हुकूम अस्थानीं सुटला, तर डोक्यावर स्पर्शिकांच्या जागीं पाय उगवतात.

याच कुळांतलीं जनुकें मानवी गर्भांतहि कोणता मणका मानेचा, कोणता बरगड्यांचा, हें ठरवितात. त्यांपैकीं एकांतील दोषामुळें कांहीं बालकांचीं बोटें जुळलेलीं वा अधिक असतात. ग्रहणांत विळी हातीं घेतली, असा ठपका अशा वेळीं घरचींच माणसें आईवर ठेवितात. तो किती अन्यायाचा आहे, हें या माशीनें दाखवून दिलें आहे.