फिरत्या घरासाठी जुनी व्हॅन घेताना



अशोक विजयादशमी जवळ आली की आपल्या नांदेड-लातूर भागातून नागपूरच्या दीक्षाभूमीकडे माणसांची रीघ लागते. कोणी रेल्वेने, कोणी एसटीने, तर कोणी चार घरांनी मिळून ठरवलेल्या जीपने निघतो. ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग तुळजापूरहून निघून औसा, लातूर, अहमदपूर, नांदेड, हदगाव, उमरखेड, यवतमाळ, वर्धा करीत नागपूरजवळच्या बुटीबोरीला मिळतो. म्हणजे वाट सरळ आहे. अडचण असते ती मुक्कामाची. म्हातारी माणसे, लेकरेबाळे आणि माय-भगिनी रात्र कुठे काढणार?

आमच्या वस्तीतील एका गवंडी बांधवाच्या आईचे गुडघे गेले आहेत. मागच्या खेपेस ती माउली रात्रभर फुटपाथवर बसून राहिली. परत आल्यावर त्याने ठरवले, जुनी का होईना, एक व्हॅन घ्यायची. आत निजण्यापुरती फळी टाकायची, पाण्याचा कॅन, चार भांडी ठेवायची आणि आईला गाडीतच झोपवायचे. लातूरला दालमिलमध्ये हमाली करणारा त्याचा साडू निम्म्या पैशाला तयार झाला. पैसा होता भिशीचा. दोन घरांची तीन वर्षांची शिल्लक!

"भाऊ, तुम्ही हिशोबातले माणूस. गाडी बघायला संगट चला," असे तो म्हणाला. मी गेलो. तेथे जे पाहिले ते आपल्या सर्वांच्या उपयोगाचे आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

माझी फसगत

आधी माझीच गोष्ट सांगतो. २००९ साली आम्ही पाच मित्रांनी खेड्यापाड्यांत पुस्तके नेण्यासाठी एक जुनी जीप घेतली. गाडी देखणी होती. विकणाऱ्याने नोंदणी पुस्तकाची झेरॉक्स दाखवली, ती आम्ही मान घालून वाचली आणि पैसे मोजले. बी. कॉम. झालेला मी, पण मूळ पुस्तक दाखवा म्हणायचे सुचले नाही. चार महिन्यांनी वसुलीवाले आले आणि पेट्रोल पंपावरून गाडी ओढून घेऊन गेले. गाडीवर कर्जाचा बोजा होता. पैसे तर गेलेच, पण पाचांपैकी एक मित्र आजही समोर आला की रस्ता बदलतो. पैशापेक्षा ते जास्त लागते.

म्हणून लातूरला जाताना साडूंना पहिलेच सांगितले, "आधी कागद, मग गाडी आणि सर्वांत शेवटी इसार."

दोन गाड्या

तेथे दोन व्हॅन पाहिल्या. पहिली चकचकीत, नवा रंग, नवी सीटकव्हरे. मीटरवर जेमतेम ऐंशी हजार किलोमीटर. दुसरी धुळीने माखलेली, दारावर ओरखडे, मीटरवर दोन लाख चाळीस हजार. ती एका फिरत्या विक्रेत्याची होती. लातूर-नांदेड-सोलापूर अशी रोजची लाइन आणि चालवणारा तो एकटाच. गवंडीबुवांचे डोळे अर्थातच पहिल्या गाडीवर खिळले.

येथेच बहुतेकांची चूक होते. मीटर मागे फिरवता येते. म्हणून आकडा एकटा वाचू नये, त्याच्याशी बाकीच्या गोष्टी ताडून पाहाव्यात. पहिल्या गाडीच्या क्लच-ब्रेकच्या पायपट्टीचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते, स्टिअरिंगची चकाकी गेली होती आणि ड्रायव्हरचे सीट एका अंगाला बसले होते. ऐंशी हजारात असे होत नाही. उलट महामार्गावर एकसुरी चाललेली, वेळेवर ऑइल बदललेली गाडी दोन लाख ओलांडूनही इमानाने चालते. गावात दिवसभर थांबत-निघत पळालेल्या गाडीचे क्लच, गिअर आणि ब्रेक त्याआधीच थकतात. दुसऱ्या गाडीच्या मालकाने ऑइल बदलल्याच्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या. त्या पावत्यांवर तारखेसह किलोमीटर लिहिलेले होते. जुन्या गाडीला याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही.

हाडे तपासा

मारुतीची जुनी ओम्नी (ती २०१९ साली बंद झाली) किंवा २०१० साली आलेली ईको, या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडा हीच तिची हाडे. इंजिन दुरुस्त होते, टायर बदलता येतात, पण कुजलेला सांगाडा पुन्हा उभा राहत नाही. आणि आपण तर त्याच फरशीवर फळी टाकून माणसे निजवणार आहोत.

म्हणून मॅट उचलून फरशी पाहा. दारांच्या खालच्या कडा, चाकावरचे पत्रे, स्टेपनीची जागा आणि टपाच्या कॅरिअरचे बोल्ट पाहा. हाताने ठोका. आपल्याबरोबरच्या मिस्त्रींनी खिशातून एक लोहचुंबक काढला आणि पहिल्या गाडीच्या अंगावरून फिरवला. दाराखाली तो चिकटेचना. आत पत्रा नव्हता, लांबी भरून वर रंग दिला होता. मॅट उचलल्यावर फरशीला ठिगळे दिसली. बडा घर पोकळ वासा!

दुसरी शंका पुराची. २०१९ साली सांगली-कोल्हापूर, २०२० साली हैदराबाद, २०२१ साली चिपळूण पाण्याखाली गेले. २०२५ च्या पावसाळ्यात तर आपल्याच मराठवाड्याने पूर पाहिला. बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, टोकाला गाळाची रेघ राहते. सीटखालचे स्क्रू गंजलेले आणि आत कुबट वास असेल तर तेथूनच मागे फिरावे.

इंजिन थंड असताना सुरू करा

गाडी पाहायला सकाळी जावे आणि बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करावी. ओम्नी-ईकोचे इंजिन पुढच्या सीटखाली असते, तेव्हा सीट उचलायला लावावे. थंड इंजिन चटकन सुरू झाले पाहिजे. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल खाते असे समजावे. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही तर बहुधा पाणी आत जाते आहे. ऑइलच्या झाकणाला आतून दुधासारखा फेस असेल तर गाडी सोडून द्यावी. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना कधीही उघडू नये, अंगावर उकळते पाणी उडते.

मग गाडी लांबवर चालवून पाहावी. आम्ही लातूरहून औशापर्यंत, म्हणजे सुमारे वीस किलोमीटर गेलो. गिअर आपोआप सुटतो का, ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढते का, मागून घरघर येते का, हे मिस्त्रींनी कान देऊन ऐकले. टायरवर चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. रबर जुने झाले की नक्षी शिल्लक असूनही टायर फुटतो.

कागदपत्रे

मूळ नोंदणी पुस्तक पाहा. इंजिन आणि चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी स्वतः जुळवा. मोबाईलवरच्या शासकीय एम-परिवहनवर विमा, पीयूसी आणि नोंदणीची मुदत दिसते. थकलेले ई-चलान वेगळे तपासावे. बोजा असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. नावे करण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत, घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. "नंतर करू" म्हणू नये.

नांदेडला तेलंगणा पासिंगच्या आणि लातूरला बिदरकडच्या कर्नाटक पासिंगच्या गाड्या स्वस्तात मिळतात. त्यांना तिकडच्या आरटीओची ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८ लागतो आणि येथे पुन्हा कर भरावा लागतो. तो धरला की स्वस्ताई किती उरते ते कागदावर मांडून पाहावे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी होऊन वाढते. पिवळ्या पाटीच्या गाडीला फिटनेस आणि परमिटचा वेगळा खर्च असतो.

आणखी एक. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीचे मूळ स्वरूप मनाने बदलता येत नाही. टप कापणे, सीट कायमचे काढून टाकणे असले उद्योग करू नयेत. फळी अशी करावी की चार बोल्ट सोडले की बाहेर येईल.

आतले घर हलके ठेवा

आठ बाय चारचे १८ मिलिमीटरचे प्लायवुड सुमारे ३५ किलोचे भरते, १२ मिलिमीटरचे २३ किलोचे. पाण्याचा वीस लिटरचा एक कॅन म्हणजे वीस किलो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यालेल्या लातूरकरांना पाण्याचे मोल सांगायला नको, पण गाडीत दोनच कॅन ठेवावेत आणि वाटेत भरून घ्यावेत. जुन्या गाडीवर ओझे लादले की ब्रेक आणि स्प्रिंग आधी बोलतात.

स्वयंपाक नेहमी गाडीबाहेर. गाडीत शेगडी पेटवू नये आणि इंजिन चालू ठेवून झोपू नये. त्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. काच चार बोटे खाली ठेवून तिला मच्छरदाणीची जाळी लावावी.

हे सारे पाहून झाले तरी गवंडीबुवांच्या मंडळी गप्प होत्या. त्या गाडीत चढल्या, दार आतून लावून पाहिले, उघडून पाहिले. "रातच्याला दार आतून लागतंय. पर आत्याला चढता येईल का?" आम्हा पुरुषांपैकी एकालाही हे सुचले नव्हते. मग मोजपट्टी काढली. पायरी उंच होती. एक लाकडी पाट बरोबर ठेवायचा असे ठरले. उंच साडूंना आत आडवे निजवून पाहिले. आई आणि दोन लेकरे आत, बाकीचे गाडीला बांधलेल्या ताडपत्रीखाली, असा हिशोब बसला.

धुळीची गाडीच घेतली. रुपयातले दहा आणे मालकाला दिले आणि सहा आणे मागे ठेवले. त्यातून चार टायर, ब्रेक, बॅटरी, विमा, नाव बदलण्याची फी आणि फळी झाली. सगळी शिल्लक गाडीतच ओतली असती तर ती पहिल्याच बिघाडाला दारात उभी राहिली असती.

पहिली फेरी औसा तालुक्यातील खरोसा लेण्यांपर्यंत केली. आजी रात्री फळीवर निजल्या आणि सकाळी उठून म्हणाल्या, "फळी जरा टनक हाय, गोधडी अजून एक टाका." तेवढीच तक्रार!

कष्टाचा पैसा आहे. गाडी घेण्याआधी एक जाणता मिस्त्री, एक हिशोबी माणूस आणि घरातली बाई, या तिघांना बरोबर न्यावे, एवढेच या निमित्ताने सांगणे. जयभीम.