संगणकाला शटर कोण लावणार?

बाजारातील दुकानाला शटर असते. संध्याकाळी दुकानदार गल्ला मोजतो, शटर ओढतो, कुलूप लावतो आणि घरी जातो. जुम्याच्या नमाजसाठी शटर अर्धे खाली आले तर गिऱ्हाईकही समजून घेते आणि तासाभराने परत येते. पण ज्याचे दुकानच मोबाइलमध्ये आणि संगणकात आहे, त्याने काय ओढायचे? हा प्रश्न आता पुण्या-मुंबईच्या कंपन्यांपुरता राहिलेला नाही. तो आमच्या रिद्धपुरातही येऊन पोहोचला आहे.

मोर्शी तालुक्यातील आमचे गाव महानुभावांचे तीर्थक्षेत्र म्हणून जुन्या काळापासून आणि मराठी भाषा विद्यापीठामुळे अलीकडे लोकांना माहीत झाले आहे. येथे घरी बसून आम्ही वेबसाइट तयार करण्याचे काम करतो. या धंद्यात काम आणि घर यांचा मेळ कसा बसवावा, हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. ते व्यापारी व कारागीर बांधवांच्याही उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा लेख.

काम संपत का नाही?

सुतार कपाट पोहोचते करतो आणि मोकळा होतो. वेबसाइटचे तसे नाही. ती ज्या संगणकावर ठेवतात त्या जागेचे भाडे भरावे लागते, तिच्या नावाचे ठराविक मुदतीने नूतनीकरण करावे लागते, आतील प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करावी लागते. शिवाय ती रात्री दोनलाही उघडी असते आणि म्हणून रात्री दोनलाही बंद पडू शकते.

त्यात घड्याळाची भर. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ झालेले असतात. कारण तिकडे वर्षातून दोनदा घड्याळ तासाने पुढे-मागे करतात. म्हणजे आपल्या घरी ताटे वाढली जातात तेव्हा तिकडच्या ग्राहकाचा दिवस सुरू होतो. अमेरिकेची सुटी शनिवार-रविवार, सौदी अरबची शुक्रवार-शनिवार. दोन्हीकडचे काम घेतले तर मोकळा उरतो एकटा शनिवार, आणि त्या दिवशी अमरावतीच्या व्यापाऱ्याचा फोन येतो.

आमची चूक

सुरुवातीला आम्ही कोणालाच नाही म्हणत नव्हतो. फोन आला की घेतला, रात्री अकराला बदल सांगितला की बाराला करून दिला. याला आम्ही मेहनत समजत होतो. अम्मी जेवायला थांबायची. मग तिने थांबणे सोडले आणि ताट झाकून ठेवू लागली. पुढे मुलांनीही हाक मारणे सोडले. घरात कोणी भांडले नाही, म्हणून आम्हाला काही कळलेही नाही.

एका रात्री तीनच्या सुमारास, डोळे मिटत असताना, एका दुकानदाराच्या वेबसाइटमधील जुनी नोंदवही पुसायची ती राहिली आणि चालू नोंदवही पुसली गेली. शेवटची प्रत अकरा दिवसांपूर्वीची होती. अकरा दिवसांच्या ऑर्डरी गेल्या. दोष सर्वस्वी आमचा होता. ईमेल शोधून, लोकांना फोन करून जेवढ्या जुळवता आल्या तेवढ्या जुळवल्या आणि पुढचे काम बिनपैशाने केले. सकाळी अम्मी एवढेच म्हणाली, "इतकी रात्र जागून कमावलंस, त्यातलं हातात किती आलं रे?"

हा प्रश्न हिशेबाचा होता. आम्ही कागद घेऊन बसलो.

कागदावरचा हिशेब

उदाहरणादाखल वीस हजार रुपयांचे काम घ्या. ते 80 तासांत होईल असे धरले तर तासाला 250 रुपये पडतात. पण फोन, फुकटचे बदल आणि रात्रीच्या दुरुस्त्या धरून ते 160 तासांवर गेले, तर मजुरी तासाला 125 झाली. वीज, इंटरनेट आणि संगणकाची झीज त्यातूनच. म्हणजे जो वेळ आम्ही घरातून काढून धंद्यात घालत होतो, त्याचे पैसे मिळतच नव्हते. कापड मापून विकणारा व्यापारी मीटरमागे एक मीटर फुकट देणार नाही; आम्ही वेळ तसाच देत होतो.

याला शरीराचाही हिशेब जोडावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्के अधिक आढळला.

कायदा कोणाला?

आठवड्याची सुटी आपोआप मिळालेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून मागणी लावून धरली, तेव्हा 10 जून 1890 पासून रविवारची सुटी मिळाली. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला 9 व आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली; 2025 मध्ये राज्य सरकारने दिवसाचे तास 10 करण्याचा निर्णय घेतला. कामाच्या वेळेनंतर कंपनीचा फोन न घेण्याचा हक्क फ्रान्सने 2017 पासून दिला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी तसे खासगी विधेयक 2018 मध्ये लोकसभेत मांडले.

पण हे सारे नोकरांसाठी. स्वतःच्या दुकानात बसलेला, स्वतःच्या हातोड्याने वा संगणकाने कमावणारा माणूस स्वतःच मालक आणि स्वतःच नोकर. त्याचे तास मोजायला कोणी निरीक्षक येत नाही. त्याने स्वतःचा कायदा स्वतःच करावा लागतो.

शिंप्याची पाटी

हा कायदा आम्हाला आपल्याच बाजारात सापडला. रमजानमध्ये ईद जवळ आली की चांगला शिंपी "ऑर्डर बंद" अशी पाटी लावतो. हातात किती दिवस आहेत, किती जोड निघतील, हे त्याला ठाऊक असते. पाटी लावल्याने त्याची गिऱ्हाइके तुटत नाहीत. उलट पुढच्या वर्षी लोक लवकर येतात. जो शिंपी सर्वांना हो म्हणतो, त्याच्याकडे चाँदरातीला भांडणे होतात. आम्ही त्या पाटीवरून पुढील नियम केले:

1. काम लेखी ठरवावे. किती पाने, किती दिवस, बदल किती वेळा. त्यापुढील बदलाचा दर आधीच लिहावा.

2. पैसे टप्प्यांनी घ्यावेत. आगाऊ रकमेशिवाय काम सुरू करू नये. थकलेल्या पैशांपायीच माणूस आणखी कामे अंगावर घेतो.

3. तातडीचे काम म्हणजे काय, ते ठरवावे. वेबसाइट पूर्ण बंद पडली किंवा पैसे जमा होणे थांबले, तर ती तातडी. रंग बदलायचा असेल तर ती सकाळची गोष्ट.

4. देखभालीचा वार्षिक करार करावा. फुकट देखभालीला अंत नसतो.

5. प्रत रोज आपोआप निघेल अशी व्यवस्था करावी आणि ती उघडते की नाही हे अधूनमधून पाहावे. सुटीच्या आदल्या दिवशी मोठा बदल करू नये. रात्रीचे निम्मे फोन यामुळेच थांबतात.

6. धंद्याचा नंबर वेगळा ठेवावा. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये वेळेबाहेर आपोआप उत्तर जाण्याची सोय आहे. परदेशी ग्राहकासाठी आठवड्यातील दोनच संध्याकाळी बोलण्याची वेळ द्यावी.

7. एक भरवशाचा साथीदार असावा. आपण आजारी पडलो तर तो सांभाळेल, त्याच्या अडचणीत आपण.

हे नियम पाळणे सोपे नाही. नव्याने धंद्यात पडलेल्याला पहिली कामे सोडवत नाहीत आणि एखादा महिना असा येतो की सारे नियम बाजूला ठेवावे लागतात. नियम सांगितल्यावर आमचा एक ग्राहक तुटला, हेही लपवत नाही. बाकीच्यांनी मात्र ते मान्य केले. त्यांनाही आपापली दुकाने आणि घरे आहेत.

सुतार, शिंपी, वेल्डर, मोबाइल दुरुस्त करणारे, ज्यांच्या खिशात आज ग्राहकाचा फोन वाजतो त्या सर्वांनी एकदा आठवडाभराचे तास लिहून काढावेत आणि आलेल्या रकमेला त्यांनी भागावे. जो आकडा येईल तो पाहून पाटी कधी लावायची ते ज्याचे त्याला कळेल. आमच्या घरी आता रात्री नऊला संगणक बंद होतो. अम्मीला ताट झाकावे लागत नाही.